एक लाख डॉलरचा अर्ज (थ्रेड)

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधील वंशभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हे खटल्याचे नाव आणि थरगुड मार्शल हे वकिलाचे नाव इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या लढ्याचा पहिला लेखी आराखडा मात्र कोणत्याही न्यायालयासाठी लिहिलेला नव्हता. तो अनुदान मागण्यासाठी केलेला अर्ज होता.

मागणी होती एक लाख डॉलरची. ती मंजूर झाली आणि प्रत्यक्षात हाती पडले ते सुमारे वीस हजार. या अर्जाची कथा फारशी सांगितली जात नाही, कारण तिच्यात भाषणे नाहीत, मोर्चे नाहीत. आहेत त्या समित्या, अंदाजपत्रके, मतदान आणि बँकेच्या समभागांचे भाव. तरीही कोणत्या अन्यायाविरुद्ध आधी लढायचे, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर याच कागदांवर सुटला. काहींच्या मते तो तिथेच चुकीचा सुटला.

प्रथम त्या काळी कृष्णवर्णीयांच्या कामासाठी पैसा कोठून येत असे, ते पाहू. अमेरिकन यादवी युद्धानंतर दक्षिणेतील शिक्षणासाठी उत्तरेच्या धनिकांनी न्यास काढले. १८६७ चा पीबडी फंड, १८८२ चा स्लेटर फंड, १९०२ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशातून उभे राहिलेले जनरल एज्युकेशन बोर्ड. यांच्या मदतीने शाळा निघाल्या, शिक्षक तयार झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या मदतीला एक अलिखित कुंपण होते. सुतारकाम, शेती, स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळेसाठी हात सैल सुटत. मतदानाचा हक्क, रेल्वेतील वेगळा डबा, जमावाच्या हातून होणाऱ्या हत्या यांविषयी बोलणाऱ्याला या दारांतून काही मिळत नसे. दक्षिणेतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांना दुखवायचे नाही, हे देणाऱ्यांचे धोरणच होते.

यातला सर्वांत उदार न्यास म्हणजे सीअर्स, रोबक या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा. १९१२ ते १९३२ या काळात त्यांच्या मदतीने दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. अट अशी, की गावानेही आपला वाटा उचलावा. गावांनी तो उचलला. कोणी कापसाच्या पिकातला हिस्सा दिला, कोणी लाकूड दिले, कोणी कष्ट दिले. अखेरचा हिशेब मांडला तेव्हा रोझेनवाल्ड यांनी सुमारे ४३ लाख डॉलर दिलेले होते आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी सुमारे ४७ लाख. हे गावकरी करही भरत होतेच. त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा चालत आणि स्वतःच्या मुलांची शाळा मात्र वर्गणीतून उभी राही. इतिहासकार जेम्स अँडरसन याला दुहेरी कर म्हणतात, ते योग्यच आहे.

म्हणजे शाळेसाठी पैसे मागता येत होते. ‘शाळा वेगळी का?’ हे विचारण्यासाठी मागता येत नव्हते.

तो प्रश्न विचारणारी संघटना म्हणजे १९०९ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’, अर्थात एनएएसीपी. तिचा कारभार मुख्यतः सभासदांच्या छोट्या वर्गण्यांवर चाले. तिच्यापुढचे पहिले संकट शाळा हे नव्हतेच. ते होते लिंचिंग. १८८९ पासून १९२२ पर्यंत जमावाने ठार मारलेल्यांची संख्या ३,४३६ आहे, असे संघटनेने १९२२ च्या नोव्हेंबरात वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन देशाला सांगितले. त्याच वर्षी लिंचिंगविरोधी डायर विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले होते. सेनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी ते लांबण लावून मारले.

आणि याच १९२२ मध्ये कथेत एक विलक्षण पात्र प्रवेश करते.

चार्ल्स गार्लंड हा मॅसॅच्युसेट्समधला विशीतला तरुण. त्याला सुमारे दहा लाख डॉलरचा वारसा मिळाला आणि त्याने तो घेण्यास नकार दिला. जे आपण कमावले नाही ते आपले कसे, आणि काहींच्या पोटात मावत नाही तेव्हा हजारो उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेकडून आपण का घ्यावे, अशी त्याची भूमिका. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर आणि नागरी हक्कांसाठी झटणारे रॉजर बाल्डविन यांनी मात्र त्याला वेगळा सल्ला दिला: नाकारू नकोस, घे आणि देऊन टाक. त्यातून ‘अमेरिकन फंड फॉर पब्लिक सर्व्हिस’ हा न्यास निघाला. बोलीभाषेत त्याचे नाव पडले गार्लंड फंड.

या न्यासाचे संचालक मंडळ म्हणजे तत्कालीन अमेरिकन डाव्यांचे जणू संमेलनच होते. समाजवादी नॉर्मन थॉमस, साम्यवादी विल्यम फॉस्टर, कामगार चळवळीतील एलिझाबेथ गर्ली फ्लिन, अर्थतज्ज्ञ स्कॉट निअरिंग. पैसा चिरकाल सांभाळायचा नाही, शक्य तितक्या लवकर खर्चून टाकायचा, हे त्यांचे ठरलेले. नियतीने त्यांची थट्टा केली. न्यासाकडे न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल बँकेचे समभाग होते, १९२० च्या दशकात बाजार चढत गेला आणि भांडवलशाहीचा अंत करू पाहणाऱ्यांची तिजोरी भांडवलशाही भरत राहिली.

या मंडळात एकच कृष्णवर्णीय संचालक होते: जेम्स वेल्डन जॉन्सन. कवी, कादंबरीकार, व्हेनेझुएला आणि निकाराग्वा येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत राहिलेले, आणि १९२० पासून एनएएसीपीचे सचिव. म्हणजे अर्ज करणाऱ्या संघटनेचा प्रमुख अर्जावर निर्णय घेणाऱ्यांत बसलेला. आजच्या कोणत्याही न्यासाचा लेखापरीक्षक हे पाहून कपाळाला हात लावील. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जॉन्सन त्या खोलीत नसते तर तिथे कृष्णवर्णीयांचा प्रश्न कामगारप्रश्नाचे एक उपकलम म्हणूनच निघाला असता. न्यासाचा बहुतेक पैसा कामगार महाविद्यालये, संप, नियतकालिके यांकडे जातच होता.

अनुदान मिळवण्याची पहिली मोठी कसोटी १९२५ मध्ये डेट्रॉइट शहरात लागली. डॉ. ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी गोऱ्या वस्तीत घर घेतले. योगायोग असा की त्या रस्त्याचे नावही गार्लंड. न्यासाशी त्याचा काही संबंध नाही. सप्टेंबरमध्ये ते राहायला आले आणि दुसऱ्या दिवशी रात्री घराबाहेर जमाव गोळा झाला, दगड पडू लागले, आतून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक गोरा माणूस मेला. डॉक्टर, त्यांची पत्नी ग्लॅडिस आणि घरातील इतर नऊ जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

एनएएसीपीने क्लॅरेन्स डॅरो यांच्यासारखा नामांकित वकील उभा केला. त्यासाठी आणि पुढील खटल्यांसाठी कायमचा बचाव निधी उभारायचे ठरले. गार्लंड फंडाने मदत देऊ केली, पण एका अटीवर: आम्ही १५ हजार देतो, तुम्ही आधी लोकांतून ३० हजार जमवा. देणाऱ्यांची ही युक्ती आजही जगभर चालते. अट जाचक असली तरी तिने एक काम केले. संघटनेच्या सर्व शाखांमध्ये, चर्चमध्ये आणि कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून आवाहन गेले आणि एकूण निधी सत्तर हजारांच्या वर पोहोचला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९२६ च्या मे महिन्यात डॉक्टरांचा भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि पुढे सर्वांवरील आरोप मागे घेतले गेले.

या यशातून जॉन्सन आणि त्यांचे सहकारी वॉल्टर व्हाइट यांना दोन गोष्टी उमगल्या. देणाऱ्यांना न्यायालयातील लढाई समजते. तिला सुरुवात असते, शेवट असतो, जिंकले की हरले ते सांगता येते. लिंचिंगविरोधी कायद्यासाठी सेनेटमध्ये किती वर्षे खेटे घालावे लागतील, हे मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिता येत नाही.

१९२९ मध्ये गार्लंड फंडाने कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर काय करता येईल हे सुचवण्यासाठी एक समिती नेमली. तिच्यात जॉन्सन होते, वकील मॉरिस अर्न्स्ट होते, पत्रकार लुईस गॅनेट होते. समितीचा जो प्रस्ताव तयार झाला तो बव्हंशी एनएएसीपीच्या विचारातून आलेला होता. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना घटनेने दिलेले हक्क मिळवून देण्यासाठी एक व्यापक, लक्षवेधी कायदेशीर मोहीम, असे त्याचे स्वरूप. शाळा, ज्यूरी, मतदान, वस्तीतील विभागणी हे सारे त्यात होते. पण केंद्रस्थानी शाळा आल्या.

अर्जातील युक्तिवाद वाचनीय आहे, कारण त्यात अन्यायाचे वर्णन कमी आणि हिशेब जास्त आहे. १८९६ च्या ‘प्लेसी’ निकालाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व घालून दिले होते. प्रत्यक्षात समान काहीच नव्हते. दक्षिण कॅरोलायनात गोऱ्या मुलावर कृष्णवर्णीय मुलाच्या दहापटीहून अधिक खर्च होत होता. तेव्हा दक्षिणेतील सात राज्यांत करदात्यांच्या नावे दावे लावायचे आणि म्हणायचे: ठीक आहे, वेगळे ठेवा, पण मग खरोखर समान करा. दोन समान शाळाव्यवस्था चालवण्याचा खर्च इतका वाढेल की राज्यांना वेगळेपणच परवडणार नाही. शिवाय एका गावचा दावा पाहून दुसऱ्या गावाला धीर येईल, आणि वरिष्ठ न्यायालयांत गेलेला प्रत्येक खटला देशाचे लक्ष वेधील.

हा विचार हुशारीचा आहे. गोऱ्या सत्ताधाऱ्याच्या मनाला हात घालण्याऐवजी त्याच्या खजिन्याला हात घालायचा. आणि अर्जदारांचा आत्मविश्वासही त्या वर्षी वाढलेला होता. १९३० च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले न्यायाधीश जॉन पार्कर सेनेटमध्ये केवळ दोन मतांनी पडले. कामगार संघटनांबरोबर एनएएसीपीनेही त्यांच्याविरुद्ध रान उठवले होते.

मंडळात खरा विरोध आला तो उजवीकडून नव्हे, रॉजर बाल्डविन यांच्याकडून. त्यांचे म्हणणे असे की कायद्याने हा प्रश्न सुटणार नाही. समाजातील सत्ता जोवर गोऱ्या मालकवर्गाकडे आहे तोवर निकाल कागदावर राहतील. गोरे आणि काळे कामगार एकत्र येणे हाच मार्ग, आणि पैसा तिकडे गेला पाहिजे. बाल्डविन स्वतः नागरी स्वातंत्र्यासाठी न्यायालयात लढणाऱ्या संघटनेचे प्रमुख होते, ही गंमत लक्षात घेण्यासारखी. पण १९५४ नंतर दक्षिणेने निकाल कसा अडवून धरला हे ज्याला माहीत आहे, त्याला त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही.

जॉन्सन यांची बाजू मंडळाने उचलून धरली. १९३० मध्ये एक लाख डॉलर मंजूर झाले, टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले.

आणि समभाग कोसळले. ज्या बाजाराने न्यास फुगवला होता त्यानेच तो रिकामा केला. वर्षे सरत गेली तसतसे हप्ते लहान होत गेले आणि अखेर आश्वासनाच्या जेमतेम एकपंचमांश रक्कम एनएएसीपीला मिळाली. त्याच वेळी महामंदीने सभासदांच्या वर्गण्याही आटल्या होत्या.

तेवढ्या पैशात पहिली गोष्ट झाली ती अभ्यासाची. नेथन मारगोल्ड हे हार्वर्डमध्ये शिकलेले तरुण वकील नेमले गेले. १९३१ मध्ये त्यांनी दोनशेहून अधिक पानांचा अहवाल दिला आणि त्यात ज्या अर्जावर पैसे मिळाले त्या अर्जाचीच योजना मोडीत काढली. त्यांचा मुद्दा साधा होता. दक्षिणेत शाळांचे जिल्हे असंख्य. प्रत्येक ठिकाणी समानतेसाठी वेगळा दावा लावावा लागेल, आणि पुढच्या वर्षी अंदाजपत्रक बदलले की पुन्हा नव्याने. त्यापेक्षा जिथे वेगळेपण नेहमी विषमतेसह येते, तिथे ते वेगळेपणच घटनाबाह्य आहे असे म्हणा. यासाठी त्यांनी १८८६ च्या ‘यिक वो’ निकालाचा आधार घेतला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी धोब्यांचा तो खटला. कायदा वरून निःपक्षपाती दिसला तरी त्याची अंमलबजावणी भेदभावाची असेल तर तो टिकत नाही, असे त्यात ठरले होते.

१९३३ मध्ये मारगोल्ड सरकारी नोकरीत गेले. अहवाल मागे राहिला आणि तो चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाती आला.

ह्यूस्टन यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण या कथेचे खरे नायक तेच आहेत. १८९५ चा जन्म, हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचे पहिले कृष्णवर्णीय संपादक, पहिल्या महायुद्धात सैन्याधिकारी. सैन्यातील अपमान पाहूनच त्यांनी वकिलीचा निश्चय केला होता. १९२९ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील विधिशाळेची सूत्रे त्यांनी हाती घेतली आणि तिचा सारा तोंडवळा बदलला. रात्रीचे वर्ग बंद, शिस्त कडक, प्रवेश मोजके. विद्यार्थी कुरकुरत, काही गळून पडत. त्या कडक शाळेतून १९३३ मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेला विद्यार्थी म्हणजे थरगुड मार्शल.

तोवर एनएएसीपीचे मोठे खटले बहुधा नामवंत गोरे वकील लढवत. ह्यूस्टन यांचा आग्रह होता की ही लढाई कृष्णवर्णीय वकिलांनी लढवली पाहिजे, कारण ती न्यायालयात संपणार नाही. गावात जाऊन लोकांना समजावणे, फिर्यादी उभे करणे, त्यांना धरून ठेवणे हेही वकिलाचेच काम आहे. १९३५ मध्ये ते संघटनेचे विशेष वकील झाले. त्याआधीच त्यांनी गार्लंडच्या उरलेल्या दहा हजारांचा हिशेब मांडून मंडळाला स्पष्ट सांगितले होते की एवढ्यात दक्षिणेवर चौफेर हल्ला होणार नाही.

मग त्यांनी केले काय? कॅमेरा घेऊन ते दक्षिण कॅरोलायनात गेले. एका बाजूला गोऱ्या मुलांच्या विटांच्या इमारती, दुसऱ्या बाजूला फळकुटांच्या एका खोलीत कोंबलेली मुले, असे चित्रीकरण केले आणि ते ठिकठिकाणी दाखवले. अर्जातला दहापटीचा आकडा आता लोकांना डोळ्यांनी दिसू लागला.

आणि खटल्यांसाठी त्यांनी प्राथमिक शाळा सोडून विद्यापीठांतील विधिशाळा निवडल्या. यामागे पैशाची चणचण होती तशीच दूरदृष्टीही होती. बहुतेक दक्षिणी राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळी विधिशाळा नव्हतीच, त्यामुळे ‘समान आहे’ असे म्हणण्याची सोयच राज्याला उरत नव्हती. विद्यार्थी मोजके, म्हणून गोऱ्या पालकांचा भडकाही कमी. आणि चांगली विधिशाळा म्हणजे काय, हे न्यायाधीशाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

१९३५ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयाने डोनाल्ड मरे या तरुणाला मेरीलँड विद्यापीठाच्या विधिशाळेत प्रवेश देण्याचा आदेश दिला. बाजू मांडणारे ह्यूस्टन आणि मार्शल. १९३८ च्या डिसेंबरात लॉइड गेन्स याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिसूरी राज्याला बजावले की परराज्यात शिकण्यासाठी पैसे देऊन जबाबदारी झटकता येणार नाही. निकाल लागला, पण गेन्स त्या विधिशाळेत कधी गेलाच नाही. १९३९ च्या मार्चमध्ये शिकागोतील मुक्कामाच्या जागेतून तो बाहेर पडला आणि त्यानंतर कोणालाही दिसला नाही. त्याचे काय झाले, हे आजवर उलगडलेले नाही.

आता त्या वादाकडे. २०१९ मध्ये राज्यशास्त्रज्ञ मेगन मिंग फ्रान्सिस यांनी एक लेख लिहून या साऱ्या कथेला उलटा प्रश्न विचारला. एनएएसीपीच्या पहिल्या दोन दशकांत लिंचिंग आणि जमावाची हिंसा केंद्रस्थानी होती. मग शिक्षण तिथे कसे आले? त्यांचे उत्तर: पैशाने आणले. गार्लंड फंडाच्या गोऱ्या संचालकांना जे महत्त्वाचे वाटले त्याकडे संघटना हळूहळू ओढली गेली. याला त्या चळवळ ताब्यात जाणे म्हणतात.

या मांडणीवर आक्षेप आहेत. वॉल्टर व्हाइट १९३० च्या दशकातही लिंचिंगविरोधी विधेयकांसाठी सेनेटचे उंबरठे झिजवत होते. शिक्षणाची तहान तर देणाऱ्यांनी निर्माण केलेली नव्हती; रोझेनवाल्डच्या शाळांसाठी ४७ लाख डॉलर ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिले त्यांना ती कोणी शिकवली नव्हती. पण फ्रान्सिस यांचा मुद्दा त्याने पुसला जात नाही. एकच कृष्णवर्णीय संचालक असलेल्या मंडळाला जे पटेल ते अर्जात ठळक झाले आणि जे पटणार नाही ते फिके झाले, हे कागदच सांगतात. ताबा पुरता बसला नाही याचे एक कारण तर फारच विचित्र आहे: पैसा लवकर संपला. एक लाख डॉलर वेळेवर आले असते तर सात राज्यांतील दाव्यांची मूळ योजना तशीच राबवली गेली असती. ते आले नाहीत म्हणून ह्यूस्टन यांना आपल्या बुद्धीने, आपल्या विद्यार्थ्यांसह नवी वाट काढावी लागली.

पैशाचा दाब पुढेही आला, तो करकायद्याच्या रूपाने. एनएएसीपी कायदे व्हावेत म्हणून संसदेत प्रयत्न करते, म्हणून तिला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळणार नाही, असे अमेरिकेच्या अर्थखात्याने ठरवले. तेव्हा १९४० मध्ये खटल्यांसाठी स्वतंत्र संस्था काढण्यात आली, ‘लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड’, मार्शल तिचे प्रमुख. खटला लढवणाऱ्या संस्थेची देणगी करमुक्त आणि लिंचिंगविरुद्ध कायदा मागणाऱ्या संस्थेची नाही, अशी विभागणी झाली. देणगीदार कुठे वळला असेल ते सांगायला नको. शाळांचा निकाल १९५४ मध्ये लागला. लिंचिंगला संघराज्य पातळीवर गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी झाली ती २९ मार्च २०२२ रोजी, डायर विधेयकानंतर शंभर वर्षांनी.

संघटनेच्या आतूनही प्रश्न उठला होता. तिचे संस्थापक सदस्य आणि मुखपत्राचे संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३४ मध्ये याच मतभेदातून राजीनामा दिला. मुलांना द्वेषाने पाहणाऱ्या शिक्षकांच्या मिश्र शाळेपेक्षा आपुलकीने शिकवणारी वेगळी शाळा का वाईट, असा त्यांचा पुढल्या वर्षीच्या लेखाचा रोख होता. मुलाला हवे असते ते शिक्षण. (याच ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. न्याय कोणत्या दाराशी आणि कोणत्या भाषेत मागायचा, हा प्रश्न दोघांपुढेही होता.)

गार्लंड फंड १९४१ मध्ये बंद झाला. एकूण सुमारे वीस लाख डॉलर वाटून झाले होते. जॉन्सन १९३८ मध्ये रेल्वेफाटकावरील मोटार अपघातात गेले. ह्यूस्टन १९५० च्या एप्रिलमध्ये, चौपन्नाव्या वर्षी गेले. दोघांनीही ‘ब्राउन’ पाहिला नाही.

‘ब्राउन’ या नावाखाली पाच खटले एकत्र केलेले होते. त्यांतील एक होता दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्याचा, म्हणजे ज्या राज्याचा दहापटीचा आकडा १९३० च्या अर्जात होता त्याच राज्याचा. १९४९-५० मध्येही तिथे गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत होते. गोऱ्या मुलांसाठी तीस शाळाबस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. काही मुले रोज कित्येक मैल चालत. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली आणि निदान पेट्रोल तरी द्या, अशी मागणी शाळामंडळाकडे केली. तुम्ही कर पुरेसा भरत नाही, या कारणाने ती फेटाळली गेली.

त्यानंतरच्या दाव्यात वर्णानुक्रमाने पहिले नाव आले हॅरी ब्रिग्ज यांचे. ते पेट्रोल पंपावर काम करत. त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांची पत्नी एलायझा मोटेलमध्ये सफाईचे काम करत. त्याही नोकरीवरून गेल्या. लोकांना संघटित करणारे पाद्री जोसेफ डीलेन यांचे घर जळाले तेव्हा अग्निशमन दल जागेवर होते, पण घर गावाच्या हद्दीबाहेर आहे म्हणून त्यांनी पाणी मारले नाही. १९५५ मध्ये डीलेन यांचे चर्चही जाळले गेले आणि त्यांना राज्य सोडून जावे लागले. निकाल लागून गेल्यावर ब्रिग्ज कामाच्या शोधात फ्लोरिडाला गेले आणि घरी पैसे पाठवत राहिले.